आपल्या चाकानं

अमरावती,
वैशाख वद्य सप्तमी, बुधवार

ती. खुशालभाऊ आणि सौ. सुभद्रावहिनी यांना,

धाकट्या बहिणीचा, कंबर ज्या कोनापर्यंत वाकते त्या कोनापर्यंत वाकून नमस्कार. भाऊ, डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यावर पंधरा दिवस वाचायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि चिडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याचं आपल्या बहिणीकडून, शकुनकडून कळलं. पहिल्या तीन गोष्टी तुम्ही पाळाल. चौथीसाठी मी हे पत्र बेताबेतानं लिहीत आहे. पत्र वहिनीच वाचून दाखवतील (वहिनी, मधलं गाळू नका. तुम्ही गाळता हे मला आईच्या आजारपणापासून ठाऊक आहे. भाऊंनी ‘पुढं काय लिहिलं?’ म्हणून विचारलं तर ‘काही नाही, तब्येतीचंच आहे’ असं सांगायचं नाही). इकडे आमची तब्येत उत्तम आहे. आमची म्हणजे माझी आणि गाडीची.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. भाऊ, चौतीस वर्षं मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. माणूस फोनवर जे बोलतो त्यातलं निम्मं पलीकडे ऐकू जात नाही, आणि जे ऐकू जातं ते मी बोललोच नाही असं तो दुसऱ्या दिवशी सांगतो. कागदाचं तसं होत नाही. शिवाय नितेशनं सोमवारी सकाळीच तुम्हांला फोन करून आपली बाजू मांडली हे मला कळलं आहे. तो तुमचा मुलगा, त्यामुळे त्याचं आधी ऐकलंत याबद्दल माझी तक्रार नाही. पण शर्त तुम्ही घातली होती, निकालही तुम्हीच द्यायचा आहे, आणि शकुनच्या मुलाच्या, अंकुरच्या लग्नाला तुम्ही डोळ्यामुळे येऊ शकला नाहीत. म्हणजे न्यायाधीश जागेवर नव्हते आणि एकच साक्षीदार तपासला गेला. दुसरी साक्ष ही.

पहिल्यापासून सांगते. वरूडच्या संत्र्याच्या बागेतला माझा वाटा तुम्ही घेतलात, रीतसर घेतलात, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्यानंतर आलेल्या सल्ल्यांबद्दल. शकुन म्हणाली फ्लॅट घे. नितेश म्हणाला माझ्या कृषी केंद्रात घाल. चांदूर रेल्वेच्या मावशींनी तर चारधामच्या बसचं पत्रकच पाठवलं. अविवाहित बाईच्या हातात काही आलं की ते तिच्याकडे थोडे दिवस ठेवायला दिलं आहे असं सगळ्यांना का वाटतं, हे मला अडुसष्टाव्या वर्षीही उमगलेलं नाही. चौतीस वर्षं मी लोकांचे आवाज मुंबईला, दिल्लीला, एकदा तर आफ्रिकेला पोचवले, आणि स्वतः एका लाकडी खुर्चीवर बसून राहिले. आता मला स्वतःला कुठेतरी पोचायचं होतं, आणि जरा वेगानं. म्हणून मी विजेवर चालणारी, दोन दारांची, दोन सीटांची लाल स्पोर्ट्‌स कार घेतली. यात ‘डोकं फिरलं’ असं म्हणण्यासारखं काय आहे, ते नितेशनं मला अजून समजावून द्यायचं आहे.

चूक झाली ती एकच, आणि तीही कंपनीची. गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी सबंध वाचलं (गाडी घेणाऱ्यांत ते वाचणारी बहुधा मी एकटीच). थांबलेली गाडी किती सेकंदांत किती वेग घेते हे त्यात आहे. गतिरोधक हा शब्द दोनशे बारा पानांत कुठेही नाही. आणि आपल्या अमरावतीत तर ज्याच्या दारात म्हैस बांधलेली आहे तोही एक गतिरोधक घालून घेतो. गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यात जेमतेम चार बोटं अंतर. तिसऱ्याच दिवशी आमच्या कॉलनीच्या तोंडाशी गाडी गतिरोधकावर चढली आणि तिथेच राहिली, पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, मध्ये मी. पुढच्या बंपरखाली कार्बन फायबरची एक पातळ पट्टी असते, तिला गाडीवाले लिप म्हणतात, म्हणजे ओठ. तो ओठ फाटला. वलगावची आशाबाई भाजीची गाडी घेऊन समोरून येत होती. तिनं सगळं नीट पाहून घेतलं आणि विचारलं, “बाई, गाडी काहून अशी बसली? गाभण हाये काय?” मग तिनं चार भाजीवाले गोळा केले, त्यांनी गाडी उचलून बाजूला ठेवली, आणि आशाबाईनं वर मला एक वांग्याचं माप दिलं, बाळंतिणीला द्यावं तसं.

कंपनीला फोन केला. नवा ओठ परदेशातून येणार, पाच महिने लागतील, तोपर्यंत गतिरोधक टाळावेत असं तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं. बाळ, तू कोणत्या देशातून बोलतेस, असं मी विचारल्यावर तिनं गाणं लावून दिलं. त्याच आठवड्यात नितेश आला. गाडीच्या डिक्कीवर मागे एक पंख होता, तोही कार्बन फायबरचा, वेगात गाडी जमिनीला धरून राहावी म्हणून असतो. गाडीला नावं ठेवून झाल्यावर नितेशनं तिच्याबरोबर फोटो काढून घ्यायचं ठरवलं आणि तो त्या पंखावर बसला. तुमचा मुलगा ब्याण्णव किलो आहे, भाऊ. पंख वाऱ्याला तोलायला केलेला होता.

आणि मग होळी. आपण सगळे वरूडला, ओसरीत, पंगत बसलेली. नितेशनं गाभण गाडीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, “रागू, गाडी चालवाले घेतली का रांगवाले?” लोक हसले. वहिनीसुद्धा पोळी लाटता लाटता हसल्या (वहिनी, मी पाहिलं). त्या हसण्यावर तुम्ही ती शर्त घातलीत, जिचे शब्द मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवले आहेत: “वैशाखात अंकुरचं लगन हाये. गाडी अमरावतीहून शकुनच्या मांडवात आपल्या चाकानं आली पाहिजे. कोनी उचलली, ओढली का ढकलली, तं किल्ली नितेशच्या हातात.” मी हो म्हटलं. तोंडात पुरण होतं तरी स्पष्ट म्हटलं. तेव्हा गाडी अंगणाबाहेर दोन फर्लांगांवर उभी होती, कारण तुमच्या फाटकातल्या उंचवट्यावरून ती आत येऊच शकली नव्हती, हेही कबूल करते.

आता कामाला लागायला हवं होतं. पुण्याच्या एका नावाजलेल्या वर्कशॉपला फोन केला, ते अशाच गाड्यांना चाकं आणि कार्बनचे भाग बनवून देतात. तिथला तरुण मोठ्या रिमा घाला म्हणू लागला. रिम मोठी म्हणजे भोवतीचं रबर कमी, चाकानं नुसती बांगडी घातल्यासारखं. मला पाहिजे होतं नेमकं उलट: रिम लहान, रबर जाड, आणि एकूण चाक पहिल्यापेक्षा उंच. तो हसला आणि म्हणाला, आजी, त्यानं लूक जाईल. माझा लूक एकोणीसशे ब्याऐंशी साली गेला, तेव्हा कोणी फोन करून हळहळलं नाही, गाडीचा गेला तर तुम्ही कशाला रडता, असं विचारून मी फोन ठेवला. (आजी म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही. पण अनोळखी माणसानं ‘मॅडम’पासून सुरुवात करावी आणि ‘आजी’ कमवावं.)

मार्ग काढला शकुननं. तिच्या अकोल्याच्या घरी फायबरचा कूलर आहे, बावीस उन्हाळे झाले, त्याच्या अंगाला चीर नाही. तो बनवणारा देवीदास. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे, पुढे कूलर रचलेले आणि मागे साच्यांचा कारखाना. मी फाटलेला ओठ आणि मोडलेला पंख गोणपाटात गुंडाळून त्याच्यापुढे ठेवला, आणि कार्बन फायबर म्हणजे काय ते त्याला समजावू लागले (मला स्वतःला आदल्याच दिवशी कळलं होतं. तोवर कार्बन म्हणजे दोन कागदांमध्ये घालायचा निळा कागद, एवढीच माझी समजूत). त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, फायबर म्हंजे फायबर. तुमचं कापड काळं, माहं पांढरं. ऊन दोघाईले तेवढंच लागते.” या माणसाला काम येतं, हे मला त्या ‘ऊन’ शब्दावरून कळलं. पुण्याच्या मुलाच्या बोलण्यात ऊन नव्हतंच.

कारण सगळा खेळ उन्हाचा आहे. त्या काळ्या विणलेल्या कापडावर रेझिन नावाचं रसायन चोपडतात, त्यात हार्डनर घालतात, म्हणजे ते साच्यात घट्ट होतं. डब्यावर लिहिलेलं माप असतं पंचवीस डिग्रीचं. अकोल्यात चैत्रात पंचवीस डिग्री फक्त फ्रिजमध्ये सापडते. भरदुपारी केलं तर ब्रश कापडापर्यंत जायच्या आतच भांड्यात दगड तयार. म्हणून देवीदासनं कारखान्यात आपलेच आठ कूलर लावले आणि पहिला ओठ बनवला. बनला छान, पण दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी आल्यासारखी झाक. मला वाटलं संपलं. देवीदासनं त्या झाकेवरून बोट फिरवलं आणि तो म्हणाला, पाणी लागलं याले. कूलरच्या ओल्या हवेनं रसायन बिघडलं होतं. मग पुढचा ओठ त्यानं पहाटे साडेचारला बनवला, कूलरांचं पाणी तोडून, नुसत्या कोरड्या हवेवर. सबंध अकोल्यात त्या दिवसांत कूलर बंद ठेवणारा तो एकटा माणूस होता, आणि तो कूलरवाला होता. निघालेला ओठ उन्हात धरला तर आतली वीण इतकी एकसारखी की कॉन्व्हेंटमधल्या आमच्या शिवणाच्या सिस्टरनीही तो उलटसुलट करून पाहिला असता आणि काही न बोलता परत दिला असता. त्यांच्याकडून एवढंच कौतुक मिळत असे.

चाकांचं काम देवीदासच्या शेजारच्या बंडूनं केलं. वीस इंची रिमा काढून अठरा इंची बसवल्या, ब्रेकच्या पकडीला घासणार नाहीत इतपत, मध्ये बोटभर अंतर राखून. त्यावर ट्रॅक्टरच्या धाकट्या भावासारखे टायर. स्प्रिंगांखाली चकत्या घालून गाडीचं पोटही उचललं. त्याच्या पाटीवर ‘मॅकव्हील’ लिहिलं होतं, ते ‘मॅग’ आहे, मॅग्नेशियममधलं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मॅक म्हना का मॅग म्हना, बाई, चाक गोलच रायते. (या सगळ्या बदलांना मंजुरी मिळावी म्हणून मी आरटीओसाठी रीतसर अर्ज लिहायला घेतला आहे, तीन प्रतींत, कार्बन लावून.)

इथपर्यंत सगळं वाजवी चाललं होतं. आता जे सांगते ते ऐकून भाऊंनी हसायचं नाही, डोळ्याला ताण पडेल. पंखाचं काम मी फोनवरून सांगितलं. देवीदासला म्हटलं, मागचा पंख जरा मोठा कर, मजबूत कर, म्हणजे कोणी बसलं तरी मोडायला नको. त्याच्याकडे दोन कूलर तपासणीला चालू होते, घरघर येत होती, आणि चौतीस वर्षं सगळ्या विदर्भाला ‘हळू नका बोलू, स्पष्ट बोला’ असं बजावणाऱ्या मला पलीकडे नेमका कोणता शब्द पोचला हे विचारायचं सुचलं नाही. पलीकडे ‘पंख’ नाही, ‘पंखा’ पोचला. मोडके तुकडे तो पंख्याची बैठक समजून बसला होता, आणि कूलरवाल्याला मागचा पंखा म्हटल्यावर दुसरं काय कळणार. लग्नाच्या आदल्या दिवशी, पंखासाठी दोन दिवस ठेवलेली गाडी आणायला गेले तर डिक्कीवर कार्बन फायबरचा एक उभा फळा, दारासारखा, त्याच्या मध्यात सुरेख गोल भोक, भोकाला जाळी आणि आत काळा पंखा. तारही जोडलेली. बटण दाबलं की फिरतो, हवा मागे फेकतो. देवीदास हात बांधून उभा होता. आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं आहे असं त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते खरंच होतं. मी त्याला काही सांगितलं नाही. मागच्या काचेतून दिसायचं बंद झालं होतं, पण बाजूचे दोन आरसे होते, आणि मला तर पुढेच जायचं होतं.

रविवारी सकाळी सात वाजता निघालो. शर्तीवर लक्ष ठेवायला नितेश आपली ती घराएवढी गाडी घेऊन मागे, आणि माझ्या शेजारच्या सीटवर त्यानं साक्षीदार म्हणून स्वतःच्या बायकोला, करिश्माला बसवलं. (तुमची सून कमी बोलते असं तुम्ही नेहमी म्हणता. तिच्या घरी बोलायला जागाच उरत नाही, असं माझं मत आहे.) बडनेरा, मूर्तिजापूर, हायवेनं सगळं लोण्यासारखं गेलं. बोरगाव मंजूला चहाला थांबलो. खरी परीक्षा त्यापुढे होती, कारण शकुननं ठरवलेलं लॉन हायवे सोडून जुन्या रस्त्यानं पाच किलोमीटर आत आहे, आणि त्या पाच किलोमीटरांत तेरा गतिरोधक आहेत. सरकारी नव्हेत, लोकांनी वर्गणी काढून घातलेले, श्रद्धेनं घातलेले, एकेक गुडघाभर. नितेशनं ते आठवडाभर आधी येऊन मोजून ठेवले होते. चहा पिताना तो म्हणाला की ट्रॅक्टर सांगून ठेवला आहे, लाज वाटून घेऊ नका.

बोरगाव सोडलं. पहिल्या गतिरोधकावर गाडी तिरपी चढली, आधी एक चाक, मग दुसरं, पोट वरच्यावर ठेवून, आणि पलीकडे उतरली. ओठाला धूळही लागली नाही. दुसरा तसाच. तिसऱ्यापाशी एक म्हातारेबुवा खाटेवर बसले होते, ते उठून उभे राहिले. चौथ्यापासून गाडीला लय सापडली, वेग कमी, चाक तिरपं, चढण, थांबा, उतरण, जशी एखादी बाई भरलेली घागर घेऊन पायऱ्या उतरते. मागून नितेश प्रत्येक गतिरोधकाचं चित्रण करत होता, एक हात स्टिअरिंगवर, एका हातात मोबाईल. त्याच्या चित्रणात पंख्याशिवाय काही नाही, कारण मागून पंख्याशिवाय काही दिसतच नव्हतं. आणि अकराव्यावर, गाडी आता अडकेल, मग अडकेल म्हणून तो मोबाईलकडे पाहत राहिला आणि स्वतःची गाडी त्यानं त्या गतिरोधकावर तशीच वेगात घातली. आवाज पुढेपर्यंत आला. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर फुटला. रस्त्यावर काळा ओघळ, आणि मधोमध तुमचा मुलगा. बारावा आणि तेरावा गतिरोधक साक्षीदाराविना पार पडले असं तो म्हणतो. साक्षीदार गाडीतच बसलेली होती, ती त्यानंच बसवली होती.

पुढचं सगळं अकोल्याला विचारा. मी गाडी लॉनच्या फाटकातून आत घेतली, तेव्हा शकुन ओवाळायला आली आणि ताट तिच्या हातात तसंच राहिलं. अंकुरनं, म्हणजे नवरदेवानं, घोडी परत पाठवली आणि बाशिंग सांभाळत करिश्माच्या जागी, माझ्या शेजारी येऊन बसला. दहा वाजताच चव्वेचाळीस डिग्री. मी मागचा पंखा लावला. भाऊ, वरातीत नाचणारे नवरदेवाच्या पुढे असतात, हे मी लहानपणापासून पाहत आले. त्या दिवशी पाच मिनिटांत सगळी वरात मागे गेली. तरणी पोरं, त्यांच्या आया, फेटेवाले, दोन्हीकडचे व्याही, सगळे त्या पंख्यासमोरची जागा धरून नाचत होते, आणि पुढे बँडवाले एकटेच वाजवत चालले होते. व्याह्यांच्या एका इंजिनिअर जावयानं ही कूलिंगची कुठली परदेशी पद्धत आहे म्हणून विचारलं. मी देवीदासकडे बोट दाखवलं. तो वरातीत होताच, त्याच्याकडे तीन जणांनी तिथल्या तिथे पंखे मागितले, आणि पुढच्या वेळी पाण्याची टाकीही देतो असं तो मला सांगून गेला. (अर्जात हा पंखा कोणत्या रकान्यात लिहावा ते मात्र अजून ठरत नाही.)

अक्षता पडायला दहा मिनिटं असताना फाटकातून एक ट्रॅक्टर आला. त्याच्या ट्रॉलीत मांडवाच्या खुर्च्या होत्या, आणि ट्रॉलीला दोरानं बांधलेली नितेशची गाडी होती, आत नितेश. तोच ट्रॅक्टर, जो त्यानं माझ्यासाठी सांगून ठेवला होता. मी एक अक्षरही बोलले नाही. हे तुम्हांला खोटं वाटेल म्हणून वहिनींनी शकुनला विचारून खात्री करून घ्यावी. बोलला तो. सगळ्या पाहुण्यांसमोर, घाम पुसत, म्हणाला, “आत्या, बाबानं आपल्या चाकानं म्हनलं होतं. हे चाकं गाडीचे आपले नोहेत, बंडूचे होत. तुमी शर्त हारल्या.”

आता भाऊ, हा मुद्दा तुमच्यापुढे आहे, आणि त्याच्यावर मी तिथे जे उत्तर दिलं तेच इथे लिहिते. नितेशचे पुढचे दोन दात गेल्या वर्षी बसवलेले आहेत. होळीची पुरणपोळी त्यानं आपल्या दातांनी खाल्ली की डॉक्टरांच्या, हे त्यानं आधी ठरवावं. मंडप हसला. तो रागावून पंगतीला न बसता निघून गेला, म्हणजे निघणार होता, पण गाडी नव्हती, म्हणून बसला. आणि न्यायाधीशांना माझी एकच विनंती आहे. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तुम्ही तुमच्या बागेकडे बघाल. झाडं दिसतील, संत्री दिसतील. तुमच्या डोळ्यात जे भिंग बसवलं आहे ते तुमचं नव्हतं. तेव्हा बाग तुम्ही कोणाच्या डोळ्यांनी पाहिली ते स्वतःला विचारा आणि मग चाकं कोणाची ते सांगा. गाडी कोणी उचलली नाही, ओढली नाही, ढकलली नाही. निकाल उलट टपाली, तुमच्या सहीनं, मराठीत स्पष्ट लिहून पाठवावा, म्हणजे मी त्याची प्रत नितेशच्या कृषी केंद्रात काउंटरवर लावण्यासाठी देऊ शकेन.

डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा. वहिनींनी स्वतःकडेही बघावं. इथलं सगळं क्षेम आहे आणि उंच आहे.

तुमची बहीण, जी आता रांगत नाही,
रागिणी

ता. क. १: वहिनींच्या लक्षात आलंच असेल की बोरगाव मंजू ते तेरावा गतिरोधक या भागात मी ‘मी’ हा शब्द कुठेही वापरलेला नाही. खोटं बोलू नये हे सिस्टरनी आम्हाला शिकवलं होतं, सगळं सांगून टाकावं असं शिकवल्याचं आठवत नाही. पण तुम्ही न्यायाधीश आहात म्हणून सांगते. चहाच्या टपरीवर कप बशीत ठेवताना वाजत होता. तेरा गतिरोधक आणि होळीतलं ते हसणं, दोन्ही मला एकदमच दिसत होतं. नितेश पाण्याच्या बाटल्या घ्यायला गेला होता. करिश्मानं माझ्या कपाकडे पाहिलं, कप उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, “आत्या, तुमी तिकडं बसा. मी नेतो.” आणि तिनं नेली. तेराही. ती तिरपी चढण, ती लय, सगळी तिची. तेराव्यानंतर लिंबाखाली थांबून आम्ही जागा बदलल्या. कोण चालवेल याबद्दल तुमच्या शर्तीत शब्द नाही, मी वही पाहिली. तिच्याकडे शिकाऊ परवाना आहे आणि मी शेजारी होते.

ता. क. २: निकाल उलट टपाली पाठवा असं वर लिहिलं आहे ते रद्द समजावं. कृपा करून निकाल देऊच नका, निदान ज्येष्ठ संपेपर्यंत. होळीपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी करिश्मा माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते असं नितेशला वाटतं. (ब्रेक, मिरर आणि रिव्हर्स हे तीन शब्द ती उत्तम बोलते.) पक्क्या परवान्याची परीक्षा ज्येष्ठाच्या शेवटी आहे आणि तिचं मागे घेणं अजून कच्चं आहे, त्यात मागचं काही दिसत नाही. निकाल लांबला तर नितेश तुमचं मन वळवायला वरूडला चकरा मारेल. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी पडू द्या. बागेत मोजायला, बांधायला काहीही काम काढा आणि संध्याकाळपर्यंत सोडू नका. तुमच्या सुनेनं शर्त कशी जिंकली हे त्याला परवाना हातात आल्यावर तिनंच सांगायचं असं आमचं ठरलं आहे. मला तिथे हजर राहायचं आहे.

ता. क. ३ (वहिनी, हे दार लावून वाचा): भाऊंचा निकाल नितेशच्या बाजूनं गेला तरी मी भांडणार नाही. माझी किल्ली मुकाट्यानं त्याच्या हातात देईन, शब्दाला शब्द. गाडीला दोन किल्ल्या असतात हे शर्त घालताना कोणी विचारलं नाही. दुसरी केव्हाच त्याच्याच घरी पोचली आहे, स्वयंपाकघरातल्या हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात. तिथे त्याचा हात लग्नापासून कधी गेलेला नाही.